बैठक मारून बसलेला डोंगर

आजोळच्या विहिरीचे पाणी एका उन्हाळ्यात पार तळाला गेले आणि आजोबांनी ती आणखी खोल करायला घेतली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सातारा जिल्ह्यातले ते गाव; विहिरीच्या काठावर यारी उभी केलेली, तिच्या दोरखंडाला लटकलेली लोखंडी बादली डबर भरून वर येई आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जाई. सुरुंगाची वेळ झाली की आम्हा मुलांना घराकडे पिटाळत. एरवी मात्र काठापासून चार हात दूर बसून पाहायला परवानगी होती. कामावरचा मुकादम बोलका होता. विहिरीच्या उघड्या अंगाकडे बोट करून तो वरून खाली एकेक थर मोजून दाखवी. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे अंगभर भोके असलेला आणि भोकांत पांढरे खडे भरलेला दगड, त्याखाली पहारीला ठिणगी देणारा घट्ट काळा पाषाण, आणि पाषाण संपता संपता हातभर जाडीचा गेरूसारखा तांबडा पट्टा. “पोरी, हा पट्टा लागला की वरचा पाषाण सरला म्हणून समज. आता ह्याच्याखाली परत मांजऱ्या लागंल बघ,” असे तो म्हणाला होता, आणि दोन दिवसांनी खरोखरच मांजऱ्या लागला.

मांजऱ्या आणि त्याखालचा पाषाण मिळून लाव्हाचा एक प्रवाह होतो, हे मला फार उशिरा कळले. प्रवाह थिजताना त्यातले वायू वर चढतात आणि वरच्या सायीत अडकून बुडबुडे ठेवतात, तोच मांजऱ्या. मधला भाग सावकाश निवतो, तोच पाषाण. तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. तेवढ्या काळात जुन्या प्रवाहाचा माथा, कधी त्यावर पडलेली राख, हवेपाण्याने कुजून लाल झाली आणि मग नव्या लाव्हाने ती झाकून टाकली. मुकादमाला यातले काही ठाऊक नव्हते, पण क्रम त्याला अचूक पाठ होता.

मी भूवैज्ञानिक नाही. हौसेने वाचते, छायाचित्रे पाहते आणि जमेल तेवढे समजून घेते. काही वर्षांपूर्वी ‘मार्स एक्स्प्रेस’ या युरोपीय यानाने टिपलेली, मंगळावरच्या ऑलिम्पस मॉन्स या प्रचंड ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याची छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहत होते. डोंगराची कड तुटलेली, तुटलेल्या अंगावर एकावर एक आडवे थर, आणि वरून ओघळत येऊन कड्यावरच थिजलेले लाव्हाचे पदर. ते पाहताच मला ती विहीर आठवली. डोंगराला आतून पाहायचे तर तो कुठे तरी कापला गेलेला असावा लागतो. आमच्याकडे ते काम सुरुंगाने केले होते. मंगळावर डोंगराने ते स्वतःच करून ठेवले आहे.

ऑलिम्पस मॉन्सचे आकडे सगळीकडे छापलेले असतात, तरी ते मनात भरत नाहीत. आजूबाजूच्या मैदानापासून त्याची उंची सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेल्या एव्हरेस्टच्या अडीचपट. व्यास सुमारे ६०० किलोमीटर. मला उंचीपेक्षा क्षेत्रफळाने जास्त अचंबित केले. हा डोंगर सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर जागा व्यापतो, आणि महाराष्ट्राचे क्षेत्रफळ आहे ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. आपले अख्खे राज्य म्हणजे एकच डोंगर, अशी कल्पना करून पाहावी. असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एक उंच, टोकदार सुळका उभा राहतो, आणि तीच चूक आहे. या डोंगराच्या अंगाचा चढ सरासरी जेमतेम चार-पाच अंशांचा आहे. शंभर पावले चाललात तर सात-आठ पावले वर गेलात, इतकाच. पायी जाणाऱ्याला आपण सौरमालेतल्या सर्वांत मोठ्या ज्वालामुखीवर चढत आहोत असे वाटणारच नाही, एखाद्या माळावरून चाललो आहोत असे वाटेल. अर्थात चढ किरकोळ म्हणताना जरा जपून बोलावे. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. ऑलिम्पसचा चढ त्याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि तो शेकडो किलोमीटर संपत नाही.

अशा आकाराला ढाल ज्वालामुखी म्हणतात, कारण जमिनीवर पालथी घातलेली ढाल दुरून अशीच दिसते. पातळ, फार न चिकटणारा बेसॉल्टी लाव्हा धक्क्याबिक्क्याविना बाहेर पडतो, दूरवर वाहतो आणि थिजतो. मग त्यावर दुसरा, तिसरा, हजारावा. वरचे कवच थिजून आतून लाव्हा वाहत राहिला की नळ्या तयार होतात, आणि उष्णता न गमावता तो आणखी दूर पोचतो. ऑलिम्पसच्या अंगावर अशा नळ्यांच्या खुणा आणि कडेला बांध घालून वाहिलेल्या प्रवाहांच्या खुणा जागोजाग दिसतात. डोंगर उंच झाला तो याच पसरण्यातून.

उंचीचा आकडाही एकेकाळी वेगळा होता. मंगळावर समुद्र नाही, त्यामुळे उंची कशापासून मोजायची हाच आधी प्रश्न. जुन्या पुस्तकांत या डोंगराची उंची २५, कुठे २७ किलोमीटर अशी दिलेली सापडते. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानावरच्या लेसर उंचीमापकाने १९९७ नंतर मंगळावर लेसरचे ठोके टाकून परतीचा वेळ मोजायला सुरुवात केली आणि २००१ पर्यंत साठ कोटींहून अधिक मोजण्या केल्या, तेव्हा मंगळाचा नकाशा पक्का झाला आणि हा डोंगर थोडा बुटका झाला. मला त्या जुन्या आकड्यांचा राग येत नाही. फिरत्या यानातून, छायाचित्रांच्या आधाराने, मैदान कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो हे ठरवत काढलेले ते अंदाज होते, आणि त्या मानाने ते फारसे चुकलेले नव्हते.

त्याआधीची गोष्ट अधिक मजेची आहे. १८७९ मध्ये मिलानच्या वेधशाळेतून जोव्हानी स्कियापारेल्ली मंगळ पाहत होते, तेव्हा त्यांना या जागी एक पांढुरका ठिपका दिसला. त्यांनी त्याला ‘निक्स ऑलिम्पिका’, म्हणजे ऑलिम्पसचे हिम, असे नाव दिले. ते हिम नव्हते. उंच डोंगराच्या अंगावरून वर चढणारी हवा थंडावली की जे ढग जमतात, ते होते. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर श्रावणात ढग बसतात त्याच न्यायाने, फक्त इथे पाऊस नाही. ढगाला हिम समजण्याच्या या चुकीला एक शेपूट आहे. ऑलिम्पस आणि त्याच्या शेजारच्या ज्वालामुखींच्या माथ्यावर पहाटे खरोखरच पाण्याचे दहिवर गोठते, असे २०२४ मध्ये युरोपीय यानांच्या छायाचित्रांवरून जाहीर झाले. मंगळाच्या विषुववृत्ताजवळ हे शक्य नाही असेच तोवर समजले जात होते. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, केसाएवढा पातळ असतो, आणि ऊन चढले की काही तासांत विरतो. पण क्षेत्र एवढे मोठे की थंडीच्या दिवसांत रोज सुमारे दीड लाख टन पाणी जमिनीवर बसते आणि पुन्हा हवेत जाते.

तो ठिपका डोंगर आहे हे कळायला १९७१ साल उजाडावे लागले. मरिनर ४, ६ आणि ७ ही अमेरिकी याने १९६५ आणि १९६९ मध्ये मंगळाजवळून नुसती निघून गेली होती आणि त्यांनी पाठवलेली बरीचशी चित्रे विवरांनी भरलेल्या, चंद्रासारख्या ओसाड जमिनीची होती. निक्स ऑलिम्पिका हे एक मोठे उल्काविवर असावे, असा तेव्हाचा समज. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी मरिनर ९ मंगळाभोवती कक्षेत शिरले. पृथ्वीखेरीज दुसऱ्या ग्रहाची प्रदक्षिणा करणारे ते पहिले यान. तेव्हा ग्रहभर धुळीचे वादळ चालू होते आणि खालचे काहीही दिसत नव्हते. त्याच्या मागोमाग तीन आठवड्यांच्या आत पोचलेल्या सोव्हिएत मार्स २ आणि मार्स ३ यांची कामे आधीच ठरवून दिलेली होती, त्यांना थांबता येईना. मार्स २ चा अवतरक आदळला, मार्स ३ चा उतरला, पण काही सेकंदांत मुका झाला. मरिनर ९ ला मात्र पृथ्वीवरून नव्या सूचना देता येत होत्या. ते थांबले. त्या धुळीतून फक्त चार काळसर डाग डोके वर काढून होते, आणि त्यांतला एक निक्स ऑलिम्पिकाच्या जागी होता. पूर आल्यावर पाण्याबाहेर उंचवट्यावरची तेवढी चार घरे दिसावीत, तसे हे. एवढ्या उंच वादळातूनही वर राहणारी जमीन म्हणजे डोंगरच असले पाहिजेत, आणि प्रत्येक डागाच्या मधोमध खड्डा, म्हणजे ज्वालामुखी. जानेवारी १९७२ मध्ये धूळ बसली आणि ते चौघे पूर्ण दिसले. ऑलिम्पस, आणि त्याच्या आग्नेयेला एका रांगेत आर्सिया, पाव्होनिस, आस्क्रेयस. या रांगेतला आर्सिया पुढे २०१५ च्या जानेवारीत आपल्या मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्यानेही टिपला.

हा डोंगर एवढा मोठा का झाला, या प्रश्नाचे उत्तर मला नेहमी उलट बाजूने, आपल्या सह्याद्रीकडून, द्यावेसे वाटते. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून गरम खडकाचा झोत वर येत असतो. झोत बराच काळ जागच्या जागी राहतो, पण त्यावरचा भूपट्ट सरकत असतो. हवाई बेटांखाली असा एक झोत आहे आणि पॅसिफिकचा पट्ट वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर वायव्येकडे जातो, म्हणून एका जागी मोठा ज्वालामुखी उभा राहण्याऐवजी सुमारे सहा हजार किलोमीटर लांबीची बेटांची आणि बुडालेल्या डोंगरांची माळ तयार झाली. त्यातला मौना लोआ समुद्रतळापासून नऊ किलोमीटर उंच आहे, पण त्याचे दिवस मोजलेले आहेत. पट्ट त्याला झोतापासून दूर नेईल आणि त्याचा विस्तव विझेल. दुसरा झोत हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी त्याच झोतावर आपला भूखंड होता आणि दख्खनचे पठार त्यातून तयार झाले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. नंतर भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि झोत मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, शागोस, मॉरिशस अशा त्याच्या पाऊलखुणा समुद्रात उमटल्या. आज तो रियुनियनवरच्या पितों द ला फुर्नेझ या ज्वालामुखीतून अधूनमधून वाहतो. आमच्या विहिरीतला पाषाण ज्या चुलीवर शिजला, ती चूल अजून पेटलेली आहे. आपणच तिथून उठून आलो.

मंगळावर कोणी उठून गेले नाही. तिथे सरकणारे भूपट्ट नाहीत. ग्रहाचे कवच एकसंध, जाड आणि बैठक मारून बसलेले आहे. त्यामुळे झोतावर जे बसले ते बसलेच, आणि लाव्हाचा प्रत्येक नवा थर जुन्याच थरावर पडत राहिला. हवाईतल्या एका ज्वालामुखीचे जोमाचे आयुष्य दहा लाख वर्षांच्या आसपास असते. ऑलिम्पसचे अब्जावधी वर्षांत मोजावे लागते.

मग भारत जागचा हलला नसता तर आपल्याकडेही ऑलिम्पस झाला असता का? असे विधान मी भाषणांत ऐकले आहे आणि ते मला मुळीच पटत नाही. एक तर दख्खनचे उद्रेक वेगळ्याच जातीचे होते. लांबच लांब भेगांतून प्रचंड लाव्हा थोड्या अवधीत ओतला गेला. त्यातला बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर, आणि आज उरलेले क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या गटांना आपल्याच गावांची आणि घाटांची नावे दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. (परदेशी नियतकालिकातल्या लेखात ‘आंबेनळी’ वाचताना एस. टी.ची घंटी ऐकू आल्यासारखे वाटते.) दुसरे म्हणजे, पृथ्वीवर एवढा उंच डोंगर टिकतच नाही. मौना लोआच्या वजनाने समुद्रतळ कित्येक किलोमीटर खाली दबला आहे. पायापासून मोजले तर तो डोंगर सतरा किलोमीटरचा भरतो, पण जवळजवळ अर्धा दबलेल्या तळात रुतला आहे. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के, त्यामुळे तोच दगड तिथे हलका भरतो आणि थंड झालेले जाड कवच त्याला पेलते. तिसरे कारण पावसाचे आहे. आपल्या सह्याद्रीला पावसाने सहा कोटी वर्षे कोरले आणि दऱ्या पाडल्या. ऑलिम्पसवर वाऱ्याची धूळ बसते, यापलीकडे त्याला झिजवणारे फारसे कोणी नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत आवडते, कारण ते पाण्याच्या पातळीसारखे आहे. शिलारस वर चढतो तो भोवतीच्या घट्ट खडकापेक्षा हलका असतो म्हणून. तो जितक्या खोलातून निघेल, तितका त्याचा स्तंभ लांब, आणि स्तंभ जितका लांब तितका वजनातला फरक मोठा. तेवढ्या जोरावर तो तितका उंच चढू शकतो. कवच पातळ असेल तर शिलारस उथळ जागेवरून येतो आणि ठरावीक उंचीनंतर त्याचा जोर संपतो. मग तो माथ्यापर्यंत न चढता बगलेतून फुटतो. मंगळाचे कवच जाड, म्हणून स्तंभ लांब, म्हणून माथा उंच. म्हणजे या डोंगराची उंची मोजताना आपण काही अंशी त्याच्या मुळाची खोलीही मोजत असतो.

आता त्या तुटलेल्या कडेकडे येते. ऑलिम्पसच्या पायथ्याभोवती जवळजवळ सगळीकडून एक कडा फिरला आहे, काही ठिकाणी त्याची उंची आठ किलोमीटरपर्यंत जाते. तो भिंतीसारखा सरळसोट नाही, पण आठ किलोमीटर हा आकडा वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथे पडून खाली पाहताना ज्यांच्या पोटात गोळा आला आहे, त्यांनी त्या कड्याची किती आवर्तने करायची ते आपापले ठरवावे. ईशान्येला आणि नैर्ऋत्येला नंतरच्या लाव्हाने हा कडा बुजवून टाकला आहे. तिथे जणू लाव्हाचे धबधबे पडता पडता गोठलेले दिसतात. आणि कड्याच्या पुढे, विशेषतः वायव्येला, शेकडो किलोमीटरपर्यंत सुरकुतलेल्या, विस्कटलेल्या जमिनीच्या प्रचंड पाकळ्या पसरल्या आहेत. या पाकळ्या म्हणजे डोंगराच्याच घसरलेल्या कडा, असे आज बहुतेकांचे मत आहे. माळीणसारख्या घटनेत डोंगराचा एक तुकडा सुटून खाली आला तरी काय होते ते आपण २०१४ मध्ये पाहिले. इथे एकेका जिल्ह्याएवढे तुकडे सुटले.

इतक्या मंद उताराचा डोंगर घसरला कसा? यावरचे एक स्पष्टीकरण मला फार पटले. डोंगर ज्या जमिनीवर उभा आहे, तिथे लाव्हाच्या आधीचा जुना गाळ, चिकणमाती, असावी, आणि तिच्यात पाणी असावे. वरून कित्येक किलोमीटर जाडीचा भार वाढत गेला तसा हा ओला थर बुळबुळीत झाला आणि डोंगर आपल्याच वजनाने त्यावरून हळूहळू पसरू लागला. डोंगराचा मध्य बरोबर माथ्याखाली नाही. वायव्येकडचे अंग लांब पसरट आणि आग्नेयेकडचे आखूड आहे, हे त्यामुळे उलगडते. विहीर बांधणारे जे जाणतात तेच हे आहे: काँक्रीटचे कडे कितीही भक्कम असले तरी खाली शाडू लागली की ते तिरके होते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये आणखी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते हा कडा म्हणजे एका प्राचीन समुद्राचा किनारा. पाण्यात शिरताना लाव्हा एकदम थिजतो आणि बेटाभोवती असा उंच काठ तयार होतो, म्हणून ऑलिम्पस कधी काळी एक बेट होते. कल्पना देखणी आहे. पण या किनाऱ्याची उंची चहूकडे सारखी कशी नाही याचे उत्तर देताना त्यांना नंतर जमीन उचलली गेली असे म्हणावे लागते, आणि तिथे माझे मन जरा अडखळते. घसरणीची कल्पना मला अधिक घरची वाटते, हे मात्र पुरावा म्हणून कोणी धरू नये.

माथ्यावर एक नाही, एकात एक आणि एकाशेजारी एक असे सहा खड्डे आहेत. सगळे मिळून सुमारे ६० बाय ८० किलोमीटर, आणि खोली तीन किलोमीटरच्या वर. उद्रेकाने उडवलेली ही तोंडे नाहीत. खालच्या कोठारातला शिलारस बाहेर पडून कोठार रिकामे झाले की वरचे छप्पर आत बसते, तसे हे बसलेले जमिनीचे तुकडे आहेत. सहा खड्डे म्हणजे कोठार किमान सहा वेळा रिते झाले. सर्वांत मोठ्या खड्ड्याच्या तळाशी मधोमध जमीन दाबली जाऊन उठलेल्या वळ्या आहेत आणि कडेला ताण पडून फाटलेल्या भेगा आहेत. वळ्या कुठे संपतात आणि भेगा कुठे सुरू होतात, यावरून कोठार किती खोल असावे याचे गणित मांडता येते, आणि ते उत्तर सोळा किलोमीटरपेक्षा कमी आले. डोंगर २२ किलोमीटरचा, कोठार सोळाच्या आत. म्हणजे शिलारसाचे ते कोठार ग्रहाच्या पोटात नव्हते, डोंगराच्याच पोटात होते. हे वाचले तेव्हा मला पेवाची आठवण झाली: घराच्या खाली खणलेले, वरून न दिसणारे, आणि रिकामे असताना वरून चालले तर पोकळ आवाज देणारे.

माथ्याजवळ दोन उल्काविवरे आहेत, सुमारे दहा किलोमीटरचे पांगबोचे आणि साडेपंधराचे कारझोक. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या गावांची नावे देण्याचा प्रघात आहे. पांगबोचे हे एव्हरेस्टच्या वाटेवरचे नेपाळातले गाव, आणि कारझोक हे लडाखमध्ये त्सो मोरिरीच्या काठचे. कुणी तरी रसिकाने हिमालयातली गावे उचलून या माथ्यावर नेऊन ठेवली.

विवरे वयही सांगतात. जमीन जितकी जुनी तितके तिच्यावर आघात जास्त, म्हणून ठरावीक क्षेत्रातली विवरे मोजून तिचे वय काढतात. चंद्रावरून आणलेल्या खडकांनी या मोजपट्टीला आधार दिला. माथ्यावरच्या खड्ड्यांचे तळ या हिशेबाने दहा ते वीस कोटी वर्षांचे निघतात, आणि पश्चिमेच्या कड्यावरचे काही प्रवाह जेमतेम वीस लाख वर्षांचे. पृथ्वीवर तेव्हा माणसाचे पूर्वज दगडाची हत्यारे करत होते. त्यामुळे हा ज्वालामुखी ‘मृत’ आहे असे छातीठोक कोणी म्हणत नाही.

विवरे मोजणे म्हणजे शेवटी लांबून केलेला अंदाज. दगड हातात असेल तर गोष्ट वेगळी, आणि मंगळाचे दगड आपल्याकडे आहेत. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला एक उल्कापाषाण पडला. इंग्रजी नोंदीत गावाचे नाव ‘शेरगोटी’ झाले आणि त्या जातीच्या सगळ्या उल्कांना शेरगोटाइट म्हणू लागले. हा बेसॉल्ट आहे, आमच्या विहिरीतल्या पाषाणाचा भाऊबंद. त्यातली खनिजे वाचून पाहिली तर प्लेजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही नावे दोन्हीकडे भेटतात. फरक एवढाच की मंगळावरून उडताना बसलेल्या आघाताने शेरघाटीच्या दगडातले प्लेजिओक्लेज काचेसारखे झाले आहे, आणि त्या काचेचे पहिले वर्णन याच दगडावरून झाले. पुढे अशाच एका उल्केत अडकलेला वायू १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी तंतोतंत जुळला आणि या दगडांचे मूळ गाव ठरले. शेरघाटीच्या दगडाचे वय सुमारे सतरा कोटी वर्षे, ऑलिम्पसच्या माथ्याच्या वयाच्या पल्ल्यातले. तो त्याच डोंगराचा असेल असे यावरून सिद्ध होत नाही. पण शेरगोटाइटांपैकी एक गट ऑलिम्पसच्या पश्चिमेला लाव्हाच्या मैदानावर असलेल्या टूटिंग नावाच्या विवरातून उडाला असावा, असे २०२१ च्या एका अभ्यासात मांडले गेले.

दुसऱ्या एका जातीच्या मंगळी उल्कांनी, इजिप्तमधल्या नख्ला गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्यांनी, मला अधिक विचारात पाडले. त्या सगळ्या मंगळावरच्या एकाच ज्वालामुखीच्या, पण कोणत्या ते ठाऊक नाही. त्यांच्या वयांवरून त्या ज्वालामुखीने नऊ कोटी वर्षांत किमान चार वेळा लाव्हा ओतला, आणि त्याची वाढ दर दहा लाख वर्षांना फक्त अर्ध्या मीटरच्या आसपास भरली, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. आजोळच्या विहिरीतला एक मांजऱ्या आणि त्याखालचा पाषाण मिळून याच्या कितीतरी पट जाड आहे, आणि तो बहुधा काही वर्षांत, फार तर काही दशकांत, बसला असेल.

त्या विहिरीतला मांजऱ्याचा एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. त्याच्या भोकांतले पांढरे खडे म्हणजे झिओलाइट. लाव्हा थिजल्यानंतर त्यातून झिरपलेल्या गरम पाण्याने ते भरले. आमच्या भागात प्रत्येक थरावर पाणी पोचले, प्रत्येक विश्रांतीत माती झाली, म्हणून मुकादमाला पट्टा दिसला. ऑलिम्पसच्या कड्यातले थर यानाच्या कॅमेऱ्याला दिसतात, पण दोन थरांच्या मध्ये काय आहे, नुसती वाऱ्याने आणलेली धूळ, की राख, की कधी काळी भिजलेली माती, हे कक्षेतून कळत नाही. त्यासाठी कोणी तरी तिथे उतरून, कड्याला नाक लावून पाहायला हवे. मुकादम गेला असता तर त्याने वर, माथ्याकडे, पाहिलेच नसते. पहार टेकवून आधी विचारले असते, “पट्टा कुठं लागतो?”